दमलेल्या गाडीचें निदान

दसरा-दिवाळीच्या सुमारास यवतमाळ जिल्ह्याच्या काळ्या मातींत कापसाचीं बोंडें उमलूं लागतात, आणि मारेगांवाहून वणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर लहान मालगाड्यांची वर्दळ सुरू होते. पुढें दोन-तीन माणसांपुरती जागा, मागें उघडा हौदा, आणि हौद्यांत शिगेच्याही वर रचलेला कापूस. या गाडीला तिकडे लहानथोर सर्वच ‘पिकअप’ म्हणतात. शहरांतील मंडईंत पहांटे जी भाजी येऊन पडते तीही बहुधा अशाच गाडींतून आलेली असते. तेव्हां या गाडीच्या दुखण्याशीं आपला कांहीं संबंध नाहीं असें शहरांतील सुखवस्तु गृहस्थानें समजण्याचें कारण नाहीं. शिवाय ज्यांच्या दारीं डिझेलवर चालणारी मोटार आहे, त्यांच्या मोटारींतही हेंच दुखणें केव्हां ना केव्हां डोकें वर काढतें.

अशा एका पिकअपचें चित्र श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावें. गाडी जुनी, दुसऱ्याकडून विकत घेतलेली. धनी मारेगांवकडचा मध्यम शेतकरी. घरचा व शेजाऱ्यापाजाऱ्यांचा कापूस जिनिंगवर पोंचवावा, भाड्याचे चार पैसे गांठीं बांधावे आणि त्यांतून गाडीसाठीं काढलेल्या कर्जाचा हप्ता फेडावा, एवढाच त्याचा हिशेब. पहिले कांहीं दिवस गाडी बिनतक्रार चालते. मग एके दिवशीं भरलेली गाडी एका साध्या चढावर धापा टाकूं लागते. पाय दाबावा तों मागें काळाभोर धूर निघतो, पण गाडी कांहीं पुढें रेटत नाहीं. हंगाम तर दारांत उभा. गॅरेजांत नेतांच निकाल एका वाक्यांत लागतो : ‘‘टर्बो गेला भाऊ, नवाच टाका लागते.’’

त्या एका वाक्यानें शेतकऱ्याचा सारा हिशेब कोलमडतो. नवा टर्बो म्हणजे हजारों रुपयांचा खर्च. तो केला तर हप्ता थकतो, न करावा तर हंगाम जातो. अशा वेळीं निकाल खरा असेल तर त्याला इलाज नाहीं. परंतु पुष्कळदां तो खरा नसतो, आणि खरा असला तरी अर्धाच खरा असतो. चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याचा प्रकार न्यायालयांपेक्षां गॅरेजांत अधिक घडतो असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

हें कसें घडतें तें कळण्यासाठीं टर्बो म्हणजे काय हें अगोदर समजून घेतलें पाहिजे.

इंजिनाचें काम चुलीसारखें आहे. चुलींत नुसतीं लांकडें कोंबून जाळ होत नाहीं. त्यांना हवा लागते. हवा कमी पडली कीं घर धुरानें भरतें. म्हणून गृहिणी फुंकणी हातीं घेते आणि लोहार भात्याचा दोर ओढतो. डिझेल इंजिनाचेंही तसेंच. एक भाग डिझेल पुरतें जळावयास वजनानें साडेचौदा भागांच्या वर हवा लागते. महिंद्रांच्या ज्या बोलेरो पिकअप गाड्या खेडोपाडीं दिसतात, त्यांपैकीं अनेकांचें इंजिन २५२३ घनसेंटिमीटरांचें, म्हणजे सुमारें अडीच लिटरांचें असतें. असें इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर दर दोन फेऱ्यांस एकदां या हिशेबानें तें मिनिटाला सुमारें ३७८० लिटर हवा ओढूं शकतें. दोनशें लिटरांचीं जवळजवळ एकोणीस पिंपें एका मिनिटांत! तरीही भरल्या गाडीला ती पुरत नाहीं. त्यांतून विदर्भाचा उन्हाळा. हवा तापली कीं विरळ होते. पंधरा अंशांवरील हवेच्या मानानें पंचेचाळीस अंशांवरील हवेंत सुमारें दहावा हिस्सा कमी वजन असतें. अशा वेळीं इंजिनाला भात्याची गरज लागते, आणि टर्बो हा तो भाता होय.

परंतु हा भाता ओढावयास माणूस लागत नाहीं. इंजिनाच्या पोटांतून जो तप्त धूर वेगानें बाहेर पडतो तो पूर्वीं फुकट जात असे. त्या धुराच्या वाटेंत एक लहानसें पात्यांचें चाक बसवावयाचें, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोंकाला तसेंच दुसरें चाक बसवावयाचें, आणि या दुसऱ्या चाकानें बाहेरची स्वच्छ हवा ओढून ती दाबून इंजिनांत घालावयाची, अशी ही योजना आहे. म्हणजे इंजिनाचा उच्छ्वासच त्याच्या श्वासाला जोर देतो. आल्फ्रेड ब्यूशी नांवाच्या स्विस अभियंत्यानें १९०५ सालीं या कल्पनेचें पेटंट घेतलें. रुडॉल्फ डीझेलचें इंजिन जर्मनींतील आउग्सबुर्ग येथें १८९७ सालीं यशस्वी ठरलें होतें, त्याला तेव्हां अवघीं आठ वर्षें झालीं होतीं. ब्यूशीची कल्पना व्यवहारांत यावयास मात्र आणखी वीस वर्षें लागलीं. १९२५ सालाच्या सुमारास जर्मन जहाजांवरील डिझेल इंजिनांना त्याची रचना जोडली, तेव्हां १७५० अश्वशक्तीच्या इंजिनानें २५०० अश्वशक्ति दिली.

आपल्याकडे शेतकऱ्याला डिझेल इंजिनाची ओळख झाली ती विहिरीवरील पंपामुळें. पुण्यांत १९४६ सालीं किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली, आणि पुढें तिचीं इंजिनें मळ्यामळ्यांतून धडधडूं लागलीं. तीं इंजिनें संथ, ओबडधोबड, पण मोठीं सोशिक. त्यांना टर्बो नव्हता. त्यांचें तेल वेळेवर न बदलणाऱ्या धन्यालाही तीं बरेच दिवस संभाळून घेत. खेड्यांतील मिस्त्रींच्या एका सबंध पिढीचा हात या इंजिनांवर बसला. पुढें गाड्यांच्या धुरासंबंधीं सरकारी नियम कडक होत गेले. भारत स्टेज चारचे नियम १ एप्रिल २०१७ पासून व भारत स्टेज सहाचे १ एप्रिल २०२० पासून देशभर नव्या गाड्यांना लागू झाले. लहान इंजिनांतून अधिक जोर आणि कमी धूर काढावयाचा, तर टर्बोवांचून गत्यंतर राहिलें नाहीं. गाडी बदलली, तिला वागविण्याची रीत मात्र पुष्कळ ठिकाणीं पंपाच्या इंजिनाचीच राहिली. दुखण्याचें मूळ बहुतेक वेळां येथें आहे.

कारण टर्बो हें अत्यंत नाजूक यंत्र आहे. घरांतील छताचा पंखा जोरांत फिरला तरी मिनिटाला तीन-साडेतीनशें फेरे घेतो. टर्बोचा दांडा भरल्या गाडींत मिनिटाला लाखाच्या वर, कधीं कधीं दीड लाख फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला अडीच हजार. त्याच्या एका टोंकाला सहाशें-सातशें अंश तापलेला धूर, आणि दुसऱ्या टोंकाला बाहेरची हवा. इतक्या वेगाला कोणतेंही लोखंड लोखंडावर टेंकून टिकणार नाहीं. म्हणून हा दांडा त्याच्या बुशांत टेंकतच नाहीं; दाबानें येणाऱ्या ऑइलच्या केसाहून पातळ थरावर तो तरंगत फिरतो. हा थर क्षणभर तुटला कीं दांडा बुशाला घांसतो, आणि कांहीं सेकंदांत महिन्यांचें आयुष्य झिजून जातें.

एवढें लक्षांत आलें म्हणजे मुख्य गोष्ट सहज पटेल. टर्बो बहुधा आपल्या मरणानें मरत नाहीं. त्याला कोणीतरी मारतें. कधीं घाण झालेलें ऑइल मारतें, कधीं तुंबलेली नळी, कधीं फाटक्या फिल्टरांतून शिरलेली धूळ. आणि कित्येकदां तर तो मेलेलाच नसतो. त्यानें दाबून दिलेली हवा वाटेंतच गळून जात असते, आणि दोष मात्र त्याच्या माथीं येतो. म्हणून ‘‘टर्बो गेला’’ हें निदान नव्हे. कशानें गेला, हें सांगितल्यावर निदान पुरें होतें.

आतां त्या शेतकऱ्याकडे वळूं. त्याच्या सुदैवानें एक वयस्क मिस्त्री मध्यें पडतो आणि म्हणतो, ‘‘थांबा भाऊ, अगोदर पाहू तर द्या.’’ तो पान्याला हात लावण्यापूर्वीं गाडी सुरू करवून मागें जाऊन उभा राहतो. वैद्य जीभ पाहतो तसा हा धूर पाहतो. धुराचा रंग बोलका असतो. काळा धूर म्हणजे डिझेल पुष्कळ आणि हवा थोडी. निळसर धूर म्हणजे इंजिनाचें ऑइल जळत आहे. पांढरा धूर टिकून राहिला, तर न जळलेलें डिझेल तरी बाहेर पडत आहे, नाहीं तर थंडाव्याचें पाणी इंजिनांत शिरत आहे. या गाडीचा धूर काळा आहे. म्हणजे प्रश्न हवेचा आहे. आणि हवा फिल्टरापासून इंजिनापर्यंत कोठें अडते किंवा कोठें गळते, हें पाहावयाचें आहे.

धुरानंतर कान. गाडीवर भार येतांच ‘फुस्स’ असा किंवा शिटीसारखा आवाज येत असेल, तर दाबलेली हवा कोठून तरी निसटत आहे असें समजावें. धातूवर धातू घांसल्यासारखा आवाज आला, तर मात्र गाडी तत्काळ बंद करावी. चाकाचीं पातीं घराला लागत असण्याचा संभव असतो.

यानंतरची तपासणी एका साध्या नियमानें चालते : जें पाहावयास खर्च नाहीं तें अगोदर, जें खोलावयास खर्च आहे तें शेवटीं.

पहिला मान एअर फिल्टरचा. वणीच्या परिसरांत कोळशाच्या खाणी आहेत. मालमोटारींची धूळ, काळ्या मातीची धूळ आणि कापसाचे तंतु यांनीं फिल्टर लौकर कोंदतो. कोंदलेल्या फिल्टरांतून इंजिनाला श्वास घेतां येत नाहीं, आणि टर्बो रिकामी जागा ओढूं लागल्यानें आपल्याच बुशांतील ऑइल हवेच्या बाजूला खेंचून घेतो. कांहीं चालक यावर ‘सोपा’ उपाय करतात. फिल्टर काढूनच टाकतात. गाडी दोन दिवस हलकी चालते, आणि तोंवर धुळीचे कण टर्बोच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांच्या कडा कानशीनें घांसाव्या तशा घांसून टाकतात.

दुसरें, हवेचा मार्ग. टर्बोतून निघालेली हवा दाबली गेल्यानें तापते. ती थंड करण्यासाठीं इंटरकूलर नांवाच्या जाळीदार पेटींतून फिरवून मग इंजिनांत जाते. या मार्गावर रबराचे होजपाइप असतात आणि त्यांवर क्लिपा. वर्षानुवर्षें उष्णता व ऑइल खाऊन रबर फुगतें, मऊ पडतें, आणि क्लिपेच्या कांठाशीं चिरतें. ही चीर गाडी उभी असतां दिसत नाहीं. भार आला, आंत दाब चढला, कीं तोंड उघडते. म्हणून नुसतें पाहून भागत नाहीं. होज हातानें दाबून, वांकवून, खालच्या बाजूनें बोट फिरवून पाहावा लागतो. जेथें काळें तेलकट ओघळ दिसतील तेथें संशय धरावा. खात्री करावयाची तर टर्बोचें हवा घेण्याचें तोंड झांकणानें बंद करून, त्यांतून टायरांत भरतात त्या यंत्राची हवा अगदीं हलक्या दाबानें, एका वातावरणाच्या आंत, सोडावी, आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचें पाणी लावावें. पंक्चर काढणारा पोऱ्या ट्यूब पाण्यांत बुडवितो त्यांतलाच हा प्रकार. बुडबुडे उठले कीं चोर सांपडला.

या शेतकऱ्याच्या गाडींत चोर येथेंच सांपडतो. इंटरकूलरकडून इंजिनाकडे जाणाऱ्या होजला खालच्या अंगानें बोटभर लांबीची चीर आहे, आणि वर फिल्टरही कोंदलेला आहे. टर्बोनें हवा इमानानें दाबून द्यावी आणि ती रस्त्यावर सांडावी, असें चाललें होतें. नवा होज, दोन मजबूत क्लिपा आणि नवा फिल्टर एवढ्यावर गाडी चढ चढूं लागते. हा खर्च नव्या टर्बोच्या किंमतीचा लहानसा अंश होय. आणि ध्यानांत घ्यावयाची गोष्ट ही, कीं त्यानें मुकाट्यानें नवा टर्बो बसविला असता तरी होजची चीर तशीच राहिली असती, आणि हजारों रुपये घालवूनही गाडी काळाच धूर ओकत राहिली असती.

चीर सांपडली नसती, तर मिस्त्रीनें तिसरी पायरी घेतली असती. टर्बोनें हवा किती दाबावी याला मर्यादा घालणारी एक झडप असते. कांहीं टर्बोंत झडपेऐवजीं धुराच्या बाजूचीं पातींच उघडझांप करतात. त्यांना हालविणारा दांडा काजळीनें अडकतो, किंवा त्याला चालविणारी बोटाएवढी बारीक रबरी नळी तडकते. हातपंपानें दाब किंवा ओढ देऊन तो दांडा मोकळा हलतो कीं नाहीं हें पाहतां येतें. त्याच वेळीं हवेच्या मार्गावर दाबाचा कांटा जोडून, भरलेली गाडी तिसऱ्या गिअरमध्यें चढावर चालवून पाहिली, तर दाब चढतो कीं नाहीं हें उघड दिसतें.

अलीकडच्या गाड्यांत संगणक असतो. दाब कमी भरला कीं तो दिवा लावतो आणि इंजिनाचा जोर आंखडून घेतो. गॅरेजांत यंत्र जोडलें कीं तो आंकडा सांगतो, आणि त्या आंकड्यावर विसंबून पुष्कळ टर्बो बदलले जातात. परंतु ‘दाब कमी आहे’ एवढेंच तो आंकडा म्हणत असतो. ताप किती आहे हें उष्णतामापक सांगतें. तो हिंवतापाचा कीं विषमज्वराचा, हें वैद्यानेंच ठरवावयाचें असतें.

आतां दुसऱ्या एका गाडीचें चित्र पाहूं. हिचा धूर निळा आहे. ऑइल दर आठवड्यास कमी होतें. हवेचा पाइप काढून मिस्त्री गार इंजिनावर टर्बोच्या चाकाचा दांडा दोन बोटांत धरतो. बाजूला किंचित् हलला तर बिघडत नाहीं. ऑइलच्या थरासाठीं तेवढी मोकळीक ठेवलेलीच असते. परंतु पुढें-मागें ढकलतां तो हातास जाणवण्याइतका सरकला, किंवा पात्यांच्या टोंकांनीं घराच्या भिंतीवर ओरखडे काढलेले दिसले, तर टर्बो खरोखरच गेला. येथें तसेंच आहे. आणि चौकशींत कळतें कीं, याच गाडीला थोड्याच महिन्यांपूर्वीं नवा टर्बो बसविलेला होता!

अशी गोष्ट विरळा नाहीं. पहिला टर्बो कशानें मेला हें कोणी पाहिलें नव्हतें. इंजिनाकडून टर्बोकडे ऑइल नेणारी लोखंडी नळी पेन्सिलीएवढी बारीक असते, आणि ती तापलेल्या भागाजवळून जाते. ऑइल जुनें झालें, किंवा भरधांव आलेली गाडी रोजच एकदम बंद केली, कीं त्या नळींत ऑइल जळून त्याचा कोळसा होतो. नळी आंतून अरुंद होत जाते. बाहेरून ती धडधाकट दिसते. पहिला टर्बो वंगणावांचून गेला. दुसराही त्याच नळीवर जोडल्यामुळें त्याच मार्गानें गेला. ज्या नळीची किंमत टर्बोच्या मानानें क्षुल्लक, तिनें दोन टर्बो खाल्ले. यालाच आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं म्हणतात.

निळ्या धुराच्या बाबतींतही टर्बो कधीं कधीं निर्दोष असतो. त्याच्यांतून ऑइल परत इंजिनांत येतें तें केवळ उतारानें येतें. ती परतीची नळी चेंबली किंवा तुंबली, अथवा इंजिनाच्या झिजलेल्या रिंगांमुळें पोटांत दाब वाढला, तर ऑइलला खालीं उतरतां येत नाहीं, आणि तें टर्बोच्या सांध्यांतून बाहेर पडतें. चालत्या इंजिनाचें ऑइल भरण्याचें झांकण सैल करून पाहावें. तेथून धुराचे लोट जोरानें येत असतील, तर दुखणें टर्बोचें नसून इंजिनाच्या पोटाचें आहे. उलट इंटरकूलरच्या नळींत ऑइलचा नुसता ओशटपणा दिसला तर घाबरूं नये. तो पुष्कळ गाड्यांत असतोच. ऑइल सांचून ओतूं येण्याइतकें असेल, तर मात्र कारण शोधावें.

टर्बो बदलण्यावांचून उपायच नाहीं असें ठरलें, तर तो बसवितांना पुढील गोष्टी पाळाव्या. ऑइल व ऑइलचा फिल्टर दोन्ही नवीन घालावे. ऑइल आणणारी नळी साफ करण्याच्या खटपटींत न पडतां नवीच घ्यावी. परतीची नळी आरपार मोकळी आहे हें पाहावें. ऑइलच्या सांध्यांवर कागदी किंवा धातूचें पॅकिंगच घालावें. तेथें डिंकासारखी गॅस्केट पेस्ट फासूं नये, कारण तिचा निसटलेला कण बारीक भोंकांत जाऊन बसतो. जुन्या चाकाचीं पातीं तुटलीं असतील तर त्यांचे तुकडे इंटरकूलरमध्यें राहिलेले असतात. तो धुऊन घ्यावा. नव्या टर्बोच्या ऑइलच्या तोंडांत स्वच्छ ऑइल ओतून दांडा हातानें फिरवावा, आणि इंजिन पेट न घेईल अशा रीतीनें नुसता सेल्फ मारून ऑइल वर चढूं द्यावें. मग गाडी सुरू करून कांहीं मिनिटें हळूच चालूं द्यावी. पहिल्या अर्ध्या मिनिटांत कोरडा फिरलेला टर्बो पुढें फार दिवस टिकत नाहीं.

खर्च वांचविण्यासाठीं कित्येक जण टर्बोचा फक्त मधला गाभा बदलतात. यांत गैर कांहीं नाहीं. पण तो गाभा यंत्रावर तोललेला असला पाहिजे. लाख-दीड लाख फेऱ्यांच्या वेगांत गव्हाच्या दाण्याच्या अंशाइतकें वजनही एका बाजूस अधिक झालें तर दांडा थरथरतो. म्हणून उघड्यावर, हातोडी-छिन्नीनें दुरुस्त केलेल्या स्वस्त गाभ्याच्या मोहांत पडूं नये.

येथें एका धोक्याची सूचना देणें अवश्य आहे. टर्बो फुटून ऑइल हवेच्या मार्गांत मोकळें सुटलें, तर डिझेल इंजिन स्वतःचेंच ऑइल जाळून धांवूं लागतें. किल्ली फिरवून डिझेल बंद केलें तरी तें थांबत नाहीं. उलट वेग वाढत जातो आणि निळ्या-पांढऱ्या धुराचे लोट उठतात. अशा वेळीं गाडी उभी असेल तर ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून, क्लच एकदम सोडावा. म्हणजे इंजिन गुदमरून बंद पडतें. तें साधलें नाहीं तर माणसांना दूर करावें. हवेच्या तोंडावर सपाट फळी दाबून धरल्यानेंही इंजिन थांबतें. पण हात किंवा कापड तेथें कदापि नेऊं नये, तें आंत खेंचलें जातें. बेफाम झालेल्या इंजिनाशेजारीं वांकून पाहण्याचा मोह जीवावर बेततो.

ज्यांना जुनी गाडी घ्यावयाची आहे त्यांनीं रंग पाहून भुलूं नये. सकाळीं गार इंजिन आपल्या समक्ष सुरू करावयास सांगावें. विकणाऱ्यानें तें आधींच तापवून ठेवलें असेल तर तें कशासाठीं, याचा विचार करावा. गाडी पांच-दहा मिनिटें नुसती उभी चालूं द्यावी आणि मग एकदम पाय दाबून निळा धूर उठतो कीं काय हें पाहावें. भार घालून चढावर चालवावी. ऑइलची काडी काढून पाहावी; ऑइल डांबरासारखें घट्ट असेल, तर मागील धन्यानें टर्बोचे किती हाल केले तें ती काडीच सांगते. ऑइल केव्हां बदललें याची चिठ्ठी मागावी. असा एक सकाळचा वेळ खर्चिला तर पुढचा हंगाम वांचतो.

आणि घेतल्यावर? उपाय इतके साधे आहेत कीं ते साधे म्हणूनच पाळले जात नाहींत. सुरू केल्यावर अर्धा-एक मिनिट पाय दाबूं नये, म्हणजे ऑइल वर पोंचतें. लांबून भरधांव आल्यावर किंवा चढ चढून आल्यावर गाडी लगेच बंद करूं नये. मिनिट-दोन मिनिटें हळू चालूं द्यावी. कारण इंजिन थांबलें कीं ऑइल थांबतें, पण टर्बो अजून तापलेला आणि फिरत असतो. ऑइल कंपनीच्या पुस्तिकेंत सांगितलेल्या जातीचें आणि सांगितलेल्या अंतरावर बदलावें. धुळींत चालणाऱ्या गाडीनें त्याहूनही लौकर. फिल्टर झटकतांना हवा आंतून बाहेर मारावी, बाहेरून आंत नव्हे, आणि कागद फाटला असेल तर तो फेंकून द्यावा. धांवून आलेल्या बैलाला गाडीवान आधीं थोडा फिरवून मगच दावणीला बांधतो. ही जाण विदर्भाच्या शेतकऱ्याला कोणीं शिकवावयास नको. तीच जाण त्यानें गाडीला लावावयाची आहे.

मारेगांवच्या त्या शेतकऱ्याची गाडी दुसऱ्या दिवशीं कापूस भरून वणीच्या रस्त्याला लागते. काळ्या धुराचा लोट आतां मागें नाहीं; बारीकशी शिटी मात्र भार आला कीं ऐकूं येते. ती दुखण्याची नव्हे. धड असलेला टर्बो कामांत गढला कीं असाच वाजतो. चिरलेला जुना होज त्या मिस्त्रीनें फेंकून दिला नाहीं. गॅरेजच्या दाराशीं खिळ्याला तो टांगून ठेवला आहे, आणि ‘‘टर्बो गेला’’ म्हणत कोणी आलें कीं तो प्रथम त्या होजकडे बोट दाखवितो.